युरेनिल आणि सेंद्रिय कॅटायन: स्फटिक वाढवताना, स्फटिक वाचताना

प्रश्न असा आला आहे: “सर, मी अमळनेरला एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी सेंद्रिय कॅटायन असलेली युरेनियमची संयुगं हा विषय घेतला आहे. पेपरांत जिथे तिथे अमाइनला ‘टेम्प्लेट’ म्हणतात, पण ते नेमकं करतं काय ते कळत नाही. ही संयुगं बनवतात कशी, रचना ठरवतात कशी, आणि आपल्याकडच्या कॉलेजात यातलं काही करता येईल का?”

सर म्हटलंस म्हणून एकेरीतच बोलतो. तरुणपणी अकरा वर्षं मी युरेनिलचे स्फटिक वाढवले, तेही खान्देशाबाहेर, परवाना असलेल्या प्रयोगशाळेत. पुढची सगळी नोकरी इकडे पोरांना टायट्रेशन शिकवण्यात गेली. त्यामुळे या उत्तरात थोडी प्रयोगशाळा आहे, थोडा वर्ग आहे, आणि ते तुझ्या सेमिनारच्या वीस मिनिटांत मावणार नाही. हवं तेवढं घे.

अमाइन म्हणजे नायट्रोजन असलेला सेंद्रिय रेणू. त्याच्यावर धनभार आला की तो कॅटायन, म्हणजे धन आयन, होतो. टेम्प्लेट हा शब्द आधी बाजूला ठेवू. तो ऐकला की डोळ्यांपुढे साचा येतो. आपल्याकडे मांडे खापरावर होतात. खापराचा घुमट जसा, तसा मांडा. पण मांडा झाला की खापर चुलीवरच राहतं. या संयुगांत मात्र खापरही मांड्यासोबत ताटात येतं. अमाइन स्फटिकात कायमचं बसलेलं असतं, त्याच्यावर धनभार असतो आणि त्या भाराचा हिशेब जुळल्याशिवाय स्फटिक उभाच राहत नाही. इथे अमाइनला साचा म्हणण्यापेक्षा घरातला भागीदार म्हण.

या विषयात मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. स्फटिकाची ठेवण ज्याच्यामुळे ठरते तो सेंद्रिय कॅटायनच क्ष-किरणांना सगळ्यात अंधुक दिसतो. म्हणून पेपरातलं युरेनियम बिनघोर मान्य कर, पण कॅटायनची उलटतपासणी घेतल्याशिवाय पुढचं पान उलटू नकोस. असं का, ते समजायला युरेनियमपासून सुरुवात करावी लागेल.

अधिक सहा ऑक्सिडीकरण अवस्थेतलं युरेनियम पाण्यात कधी सुटं भेटत नाही. दोन ऑक्सिजन त्याला दोन बाजूंनी घट्ट धरून असतात, जवळजवळ सरळ रेषेत. यालाच युरेनिल आयन म्हणतात. एकूण भार अधिक दोन. यातलं युरेनियम-ऑक्सिजन अंतर साधारण १.७७ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग), आणि संयुग कुठलंही असो, ते फारसं हलत नाही. बैलगाडीचा आख आणि चाक आठव. आख म्हणजे हे दोन ऑक्सिजन: आखूड, टणक, आणि आपल्यातच तृप्त. बाकीचे शेजारी चाकाच्या आऱ्यांसारखे मधल्या पातळीत, म्हणजे विषुववृत्तावर, बसतात. तिथे चार, पाच किंवा सहा अणूंना जागा असते. सगळे ऑक्सिजन धरले तर चार असताना सरासरी अंतर २.२८ अँगस्ट्रॉम, पाच असताना २.३७, सहा असताना २.४७. गर्दी वाढली की जो तो जरा मागे सरकतो, एवढंच. पाचांची बैठक सर्वांत जास्त आढळते. तिला पंचकोनी द्विपिरॅमिड म्हणतात.

या आख-चाकाच्या ठेवणीतून बाकीचं आपोआप निघतं. वरची आणि खालची टोकं बंद असल्यामुळे युरेनिल शेजाऱ्यांशी जोडलं जातं ते बहुतेक आडवंच. म्हणून युरेनियमची ही संयुगं साखळ्या करतात, थर करतात. तिन्ही दिशांनी जोडलेले सांगाडे त्या मानाने कमी. आणि थर झाले की दोन थरांमध्ये कोणीतरी बसावं लागतं. तिथे आपला कॅटायन येतो.

हिशेब सल्फेटवर करून बघ. युरेनिलचा भार अधिक दोन. त्याच्या वाट्याला दोन सल्फेट आले तर उणे चार. बेरीज उणे दोन. युरेनिल आणि सल्फेटचं असं एकास दोन प्रमाण या कुटुंबात वारंवार दिसतं. विषुववृत्तावरच्या पाच जागांपैकी चार सल्फेटच्या ऑक्सिजनांनी व्यापलेल्या आणि पाचवीवर पाण्याचा रेणू, ही त्यातली ओळखीची मांडणी. आता ही उणे दोनची उधारी कोण फेडणार? एथिलीनडायअमाइन आम्लात टाकलं की त्याची दोन्ही नायट्रोजन टोकं एकेक प्रोटॉन घेतात आणि अधिक दोन भाराचा कॅटायन तयार होतो. एका युरेनियममागे असा एक पुरतो. प्रोपिलअमाइनसारखं एका टोकाचं अमाइन घेतलंस तर दोन लागतील. भार तोच फिटला, पण दोन रेणूंना जागा दुप्पट लागली, शिवाय त्यांच्या शेपट्या कुठे ठेवायच्या हा नवा प्रश्न. मग थर लांब सरकतात, नाहीतर थराची वीणच बदलते. अमाइन बदललं की रचना बदलते ती इथे.

भार आणि आकारमान याशिवाय तिसरी गोष्ट म्हणजे हायड्रोजन बंध, आणि माझ्या मते सेमिनारमध्ये सर्वांत जास्त वेळ तिला दे. अमोनियम टोकावरचे नायट्रोजन-हायड्रोजन बंध कुणाला तरी हात देतात. युरेनिलच्या आखावरचे ऑक्सिजन हा हात सहसा अर्ध्या मनाने घेतात, कारण त्यांची इलेक्ट्रॉनची शिल्लक युरेनियमकडेच गुंतलेली असते. सल्फेटचे मोकळे ऑक्सिजन, पाणी, क्लोराइड हे खरे घेणारे. त्यामुळे रचनेचं चित्र उघडलंस की आधी बघ: प्रत्येक नायट्रोजनवरचा प्रत्येक हायड्रोजन कुठे बोट दाखवतोय? टेट्रामिथाइलअमोनियमसारखा कॅटायन असेल तर नायट्रोजनवर हायड्रोजनच नसतो, मग तो गोळा आपल्या पोकळीत कसाही फिरतो आणि रचनेत विस्कळीत दिसतो. त्यात लेखकाचा दोष नसतो. पण दोन-तीन नायट्रोजन-हायड्रोजन बंध असलेला कॅटायन जर हवेत बोट दाखवत बसला असेल, तर काहीतरी चुकलंय असं समज.

लांब शेपटीच्या अमाइनांची गंमत वेगळीच. टोकाला भार, मागे कार्बनची तेलकट शेपटी. टोकं युरेनिलच्या थराकडे तोंड करतात, शेपट्या एकमेकींत मिसळून पाण्यापासून दूर राहतात. साबणाच्या पाण्यात होतं तेच. रशियातले सेर्गेई क्रिवोविचेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ च्या सुमारास युरेनिल सेलेनेटच्या अतिसूक्ष्म नळ्या दाखवल्या. त्यातल्या एका संयुगात ब्युटिलअमोनियम होता. सपाट थराची गुंडाळी होऊन नळी झालेली ती चित्रं पहिल्यांदा बघितली तेव्हा मी प्रयोगशाळा सोडून बरीच वर्षं झाली होती, तरी रात्री झोप आली नाही. ऑट्युनाइट या खनिजाच्या कुळातलं हायड्रोजन युरेनिल फॉस्फेट याहून साधं आहे. त्याचे थर सुमारे ८.७ अँगस्ट्रॉमवर असतात. त्यांच्यामध्ये अल्किलअमोनियम शिरले की साखळी जितकी लांब तितके थर दूर जातात आणि पावडरच्या क्ष-किरण आलेखात पहिलं शिखर डावीकडे सरकत जातं. शिकवायला याहून सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही.

‘टेम्प्लेट’ हा शब्द आला कुठून, तेही सांगतो, कारण त्याचा संबंध आपल्या जिल्ह्याच्या दगडाशी आहे. सावद्याकडच्या दगडखाणींत काळा पाषाण फोडताना पोकळ्यांत स्टिलबाइट आणि अपोफिलाइटचे स्फटिक निघतात. जगभरच्या संग्रहालयांत जळगावचं नाव आहे ते त्यांच्यामुळे. स्टिलबाइट हा झिओलाइट. १७५६ मध्ये क्रॉन्स्टेट यांनी हे नाव दिलं, अर्थ उकळणारा दगड, कारण तापवला की त्याच्यातलं पाणी फसफसून निघतं. निसर्गातल्या झिओलाइटच्या बोगद्यांत सोडियम, कॅल्शियम आणि पाणी बसलेलं असतं. माणसाने प्रयोगशाळेत झिओलाइट बनवताना १९६१ मध्ये सोडियमच्या जागी सेंद्रिय अमोनियम कॅटायन वापरून पाहिले आणि पुढे टेट्राप्रोपिलअमोनियम वापरून झेडएसएम-५ सारखे अगदी नवे सांगाडे निघाले. तिथे शेवटी तापवून कॅटायन जाळून टाकतात आणि पोकळी शाबूत राहते, म्हणून टेम्प्लेट शब्द शोभतो. युरेनिलच्या थरांतून कॅटायन जाळलास तर बहुतेक वेळा सगळा वाडाच बसतो. शब्द उसना आला, अर्थ मागे राहिला.

आता बनवण्याकडे.

साधी पद्धत अशी: युरेनिल नायट्रेट किंवा ॲसिटेट पाण्यात, हवं ते आम्ल, त्यात अमाइन. अमाइन आम्लात आपसूक कॅटायन होतं. द्रावण पिवळं, नितळ. मग झाकून ठेवायचं आणि वाट बघायची. हे बोलायला दोन ओळींचं, पण त्यात खाचखळगे खूप. पहिला सामू, म्हणजे पीएच. द्रावण आम्लधर्मी असेल तोवर युरेनिल सुटं राहतं. सामू तीन-चारच्या वर गेला की दोन-दोन, तीन-तीन युरेनिल हायड्रॉक्साइडने एकमेकांना चिकटतात आणि शेवटी पिवळा गाळ बसतो, ज्यात अमाइनचा पत्ताही नसतो. अमाइन स्वतः अल्कधर्मी असल्यामुळे नवशिका उत्साहाने दोन थेंब जास्त टाकतो आणि हमखास हा गाळ मिळवतो. मी स्वतः पहिले चार महिने गाळच गोळा केला.

सगळ्यांत सोपा स्फटिक क्लोराइडचा. हायड्रोक्लोरिक आम्लात युरेनिल आणि अमाइनचं हायड्रोक्लोराइड घेतलं की चार क्लोराइड विषुववृत्तावर बसतात, अंतर सुमारे २.६७ अँगस्ट्रॉम, आणि उणे दोन भाराचा सुटा आयन मिळतो. साखळी नाही, थर नाही. कॅटायन आणि हा आयन खेळातल्या सोंगट्यांसारखे रचले जातात. कॅटायनचा एकट्याचा परिणाम बघायचा असेल तर हेच कुटुंब घ्यावं, कारण बाकी काही बदलतच नाही.

दुसरी पद्धत बंद भांड्याची. टेफ्लॉनचं अस्तर असलेला २३ मिलिलिटरचा स्टीलचा ऑटोक्लेव्ह, अर्धाच भरलेला, १२० ते १८० अंश, एक ते तीन दिवस, आणि नंतर तासाला पाच-सहा अंशांनी संथ निववणं. सल्फेट आणि फ्लोराइडच्या कुटुंबातली पुष्कळ संयुगं अशीच निघाली. ऑक्सफर्डचे डर्मट ओ’हेअर यांच्या गटाचं काम तुझ्या संदर्भयादीत असेलच. यात नायट्रेट आणि सेंद्रिय पदार्थ एकत्र कोंडून तापवताना वायू सुटतो, दाब चढतो. मार्गदर्शकाला विचारल्याशिवाय प्रमाण वाढवायचं नसतं.

बंद भांड्यात आणखी एक घरभेदी असतो तो म्हणजे द्रावक. माझी सगळ्यांत मोठी फजिती तिथलीच. एक थोराड, दोन नायट्रोजनचं अमाइन घेऊन मी सात महिने बसलो होतो. ते पाण्यात विरघळेना म्हणून डायमिथाइलफॉर्मामाइड घातलं. स्फटिक आले, लिंबाच्या रंगाचे, कापल्यासारख्या कडांचे. मी पेढे वाटले. रचना आली तेव्हा माझं थोराड अमाइन कुठेच नव्हतं. त्याच्या जागी इवलासा डायमिथाइलअमोनियम बसला होता. आम्लात तापल्यावर डायमिथाइलफॉर्मामाइड फुटून डायमिथाइलअमाइन आणि फॉर्मिक आम्ल होतं, आणि लहान कॅटायन जागा अगोदर पकडतो. तेव्हापासून असं द्रावक वापरलेला पेपर दिसला की मी आधी कॅटायन बघतो. युरेनिल ॲसिटेटपासून सुरुवात केली असेल तर ॲसिटेटही असाच न बोलावता आत येऊन बसतो.

आणि उजेड. सेंद्रिय पदार्थासोबत युरेनिल उन्हात ठेवू नये. उजेड शोषलेलं युरेनिल जबरदस्त ऑक्सिडीकारक होतं. ऑक्झॅलिक आम्लाचं तर ते इतक्या नेमाने विघटन करतं की प्रकाश मोजायला एके काळी हीच अभिक्रिया वापरत. पिवळं द्रावण हिरवट दिसू लागलं की समजायचं, थोडं युरेनियम अधिक चार अवस्थेला गेलं. आमच्या बाटल्या काळ्या कागदात गुंडाळलेल्या असत. बेकेरेल यांची १८९६ ची गोष्ट तुला ठाऊक असेल: पॅरिसला ऊन पडेना म्हणून त्यांनी फोटोची काच आणि युरेनियमचा स्फटिक खणात ठेवले, आणि उन्हाशिवायच काच काळवंडलेली निघाली. तो स्फटिक पोटॅशियम युरेनिल सल्फेटचा होता, म्हणजे तुझ्या सल्फेटांचा थोरला भाऊ. फक्त कॅटायन सेंद्रिय नव्हता. खान्देशात फेब्रुवारीच्या शेवटी असा ढगाळ आठवडा त्यांना मिळाला नसता आणि शोध लांबला असता, असं मी वर्गात म्हणायचो.

स्फटिक मिळाला, आता वाचायचा. हाच भाग मला लांबवायचा आहे.

क्ष-किरणांना विखुरतात ते इलेक्ट्रॉन. युरेनियमचे ९२, कार्बनचे ६, नायट्रोजनचे ७, हायड्रोजनचा १. विखुरलेल्या किरणांची तीव्रता ढोबळमानाने या आकड्यांच्या वर्गाप्रमाणे जाते. ९२ चा वर्ग ८४६४, सहाचा ३६. म्हणजे एक युरेनियम अंदाजे २३५ कार्बनांइतकं ओरडतं. यात्रेतल्या भोंग्याशेजारी कुणी कानात बोलावं तसं कॅटायनचं होतं. त्यातून युरेनियम क्ष-किरण शोषतंही भरपूर. मोलिब्डेनमचे ०.७१ अँगस्ट्रॉमचे किरण वापरले तरी मोठा स्फटिक घेऊन चालत नाही. माझा अनुभव ०.१ मिलिमीटर किंवा त्याहून लहान तुकडा घ्यावा, तोही सगळ्या बाजूंनी सारखा. सुईसारखा किंवा पापुद्र्यासारखा असेल तर एका बाजूने किरण सुटतात, दुसऱ्या बाजूने गिळले जातात. शोषणाची दुरुस्ती नीट झाली नाही की युरेनियमभोवती एक अँगस्ट्रॉमच्या आत इलेक्ट्रॉनांचे खोटे डोंगर उभे राहतात. थोडे राहतातच, त्याला घाबरायचं नाही. पण असा डोंगर कार्बनच्या जागी उभा असेल तर तो कार्बन म्हणून लिहायचा नाही.

आर-गुणक म्हणजे मांडलेली रचना मोजणीशी किती जुळते त्याचा आकडा, जितका लहान तितका बरा. तो दोन-अडीच टक्के आला की पोरं खूष होतात. तो गुणक कशाचा? मुख्यतः युरेनियमचा. माझ्या एका रचनेत मार्गदर्शकांनी कॅटायनमधला एक नायट्रोजन काढून तिथे कार्बन लिहायला सांगितलं. गुणक दुसऱ्या दशांश स्थळी जेमतेम हलला. मग त्यांनी विचारलं, “आता सांग, तुझ्या आकड्याला यातलं काय कळलं?” सहा इलेक्ट्रॉन की सात, हा फरक युरेनियमच्या गोंगाटात ऐकूच येत नाही. कोणता नायट्रोजन हे ठरवावं लागतं बंधाच्या लांबीवरून आणि हायड्रोजन बंधांवरून. आणि कॅटायनवरचे हायड्रोजन तर बहुधा दिसलेलेच नसतात. भूमितीने जिथे असायला हवेत तिथे प्रोग्रॅम ते बसवतो. म्हणजे पेपरातल्या सुरेख तुटक रेषांतल्या बऱ्याच रेषा मोजलेल्या नसून मांडलेल्या असतात. त्या चुकीच्या असतात असं मी म्हणत नाही. हायड्रोजनचा स्थानांक कुठून आला ते बघितल्याशिवाय त्यावर सिद्धान्त बांधू नये, इतकंच. नायट्रोजन ते ऑक्सिजन हे अंतर जास्त भरवशाचं. ते २.७ ते ३.० अँगस्ट्रॉमच्या आसपास असेल तर बंधावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

याहून फसवा प्रकार खोट्या सममितीचा. युरेनियमचे अणू कधी कधी नेमके अशा जागी बसतात की एकटे युरेनियम बघितले तर स्फटिकात सममितीचं केंद्र आहे असं वाटावं. प्रोग्रॅम तेच धरतो. मग बिचारा कॅटायन, ज्याला तसं केंद्र नसतं, अर्धा इकडे अर्धा तिकडे असा दुभंगलेला दाखवावा लागतो. दुभंगलेला कॅटायन दिसला की मी प्रत्येक वेळी एक पायरी खाली उतरून, केंद्र नसलेल्या अवकाशगटात, म्हणजे सममितीच्या वर्गात, रचना पुन्हा सोडवून बघायचो. दहातल्या सात-आठ वेळा कॅटायन खरंच विस्कळीत निघे. उरलेल्या वेळी तो अचानक एकसंध, शहाण्यासारखा उभा राही, आणि लक्षात येई की दोष वाचणाऱ्याचा होता. स्फटिक १०० केल्व्हिनपर्यंत थंड करून मोजणी केली तर कॅटायनचं थरथरणं कमी होतं आणि हा निवाडा सोपा जातो. जुन्या पेपरांत मोजणी खोलीच्या तापमानाला असायची, ती वाचताना एवढी सूट दे.

म्हणून कॅटायनचा पुरावा स्फटिकाबाहेरून मागावा. कार्बन-हायड्रोजन-नायट्रोजनचं मूलद्रव्य विश्लेषण सूत्राशी जुळतं का? पावडरचा आलेख एका स्फटिकावरून काढलेल्या आलेखाशी जुळतो का, की बाटलीत एक सुंदर स्फटिक आणि बाकी भलतंच काही आहे? अवरक्त वर्णपटात नायट्रोजन-हायड्रोजनचा पट्टा आहे का? रामन वर्णपटात युरेनिलचं सममित कंपन ८७० च्या आसपास, सेंटिमीटरच्या व्यस्त एककात, दिसतं. ते खाली सरकलं तर आखाचा बंध जरा सैल झाला असं समजायचं आणि क्ष-किरणांनी दिलेल्या लांबीशी पडताळायचं. हवेत तापवताना आधी पाणी जातं, मग अमाइन, आणि शेवटी भट्टीत काळपट हिरवं ट्राययुरेनियम ऑक्टॉक्साइड उरतं, त्याच्या वजनावरून युरेनियमचा हिशेब लागतो. सेमिनारसाठी निवडलेल्या पेपरांत यातल्या किती गोष्टी केल्या आहेत त्याचा तक्ता मांड. परीक्षकांना तो रचनेच्या रंगीत चित्रापेक्षा आवडेल.

राहिला शेवटचा प्रश्न, आपल्या कॉलेजात काय करता येईल. युरेनियमवर काहीही नाही. हे स्पष्टच सांगतो.  युरेनियम कायद्याने नियंत्रित पदार्थ आहे आणि परवान्याशिवाय बाळगता येत नाही. सुरक्षेची देखरेख १९८३ पासून अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे. लोक किरणोत्साराला भितात, पण युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य साडेचार अब्ज वर्षांच्या घरात, म्हणजे ते अगदी संथपणे फुटतं, आणि त्याचे अल्फा कण हातमोज्याच्या पलीकडे जात नाहीत. खरी भीती पूड श्वासातून किंवा तोंडातून आत जाण्याची. तिथे अल्फा कणही नुकसान करतात आणि रसायन म्हणून युरेनियम मूत्रपिंडाला विषारी असतं ते वेगळंच. आम्ही खोलीत चहाचा कपसुद्धा आणत नसू.

तरी एक गोष्ट तपास. जुन्या कॉलेजांच्या भांडारात, गाळाच्या वजनावरून सोडियम मोजायला एके काळी झिंक युरेनिल ॲसिटेट वापरायचे त्या काळातली, पिवळ्या पुडीची एखादी बाटली पडून असते. मी ज्या कॉलेजात होतो तिथेही सापडली, लेबल उंदरांनी खाल्लेलं. परिचर बाटली हातात घेऊन विचारतो, “सर, हाई फेकी देऊ का?” मोरीत ओतायची नाही, फेकायची नाही, उघडून बघायची नाही. बंद खणात ठेवून प्राचार्यांमार्फत नियामक मंडळाला लेखी कळवायचं. आमच्याकडे पत्रव्यवहाराला वेळ लागला, पण बाटली रीतसर गेली.

युरेनियमशिवाय हाच धडा मात्र गिरवता येतो, आणि तो आपल्या उन्हात जास्त चांगला गिरवता येतो. डायएथिलअमाइन हायड्रोक्लोराइड दोन मोल आणि कॉपर क्लोराइड एक मोल, वेगवेगळे कोमट अल्कोहोलमध्ये विरघळवून एकत्र कर, पाणी टिपायला ३ए मॉलिक्युलर सीव्हचे दाणे टाक (पुन्हा झिओलाइटच), दाणे काढून द्रावण बर्फात ठेव. हिरव्या सुया येतात. त्यात चार क्लोराइडचा तांब्याचा आयन आहे, उणे दोन भाराचा, आणि दोन सेंद्रिय अमोनियम कॅटायन. हिशेब तोच. कॅटायनचे नायट्रोजन-हायड्रोजन बंध क्लोराइडांना धरून ठेवतात तोवर तांब्याभोवतीची चौकट बरीचशी सपाट राहते आणि रंग हिरवा दिसतो. पन्नास अंशांच्या जरा वर कॅटायन हलू लागतात, पकड सैल होते, चौकट चतुष्फलकाकडे वळते आणि सुया पिवळ्या होतात. युरेनिलचा आख असा वळला नसता. तांबं वळतं म्हणून कॅटायनची पकड इथे नुसत्या डोळ्यांना दिसते.

स्फटिक सावकाश वाढवायचे असतील तेव्हा मे महिन्यात उघडं बीकर ठेवू नकोस, सकाळचं द्रावण संध्याकाळी खडखडीत होतं. आम्ही ॲल्युमिनियमच्या कागदाला सुईने दोन भोकं पाडून बीकर झाकायचो आणि तो रिकाम्या, कोरड्या रांजणात उतरवून ठेवायचो. दिवसा-रात्रीचा चढउतार रांजणाच्या आत निम्म्याने तरी कमी लागतो. फक्त या हिरव्या सुयांना ही युक्ती चालत नाही, त्यांना हवेतली ओल सोसत नाही. बर्फातून काढल्या की लगेच गाळून, कोरड्या करून काचनळीत भर आणि नळीचं तोंड ज्योतीवर बंद कर. दुपारी दोनला ती नळी पत्र्याच्या छपरावर ठेव, शेजारी थर्मामीटर बांध आणि रंग पालटतो ते तापमान लिहून घे. सावलीत आणल्यावर हिरवा परत येतो ते तापमानही वेगळं लिही. सुया पिवळ्या व्हायच्या आधीच चिकट होऊन नळीला लागल्या, तर आत ओल राहिली आहे, पुन्हा कर.